उलटवलेली कॉलर

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर माझं फोटोचं दुकान होतं. कॉम्प्युटर नवा आणि माझी मिजास त्याहून नवी. कुठलाही जुना फोटो आला की स्कॅन करायचा आणि ब्राइटनेसची पट्टी उजवीकडे ढकलायची, एवढंच मला येत होतं. गिऱ्हाइकांचंही काही म्हणणं नसायचं. गेलेला माणूस गोरा होऊन भिंतीवर लागला की घरचे खूश.

वरच्या मजल्यावरच्या काकी एकदा काकांचा फोटो घेऊन आल्या. काका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपात जे बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. फोटो त्याच दिवसांतला, गेटबाहेर पांढऱ्या शर्टात उभे असलेले. तेवढा एकच. फ्रेमची काच तडकली होती. वर्षश्राद्धाला मोठा करून हवा होता.

मी पट्टी ढकलली. काकांचा काळवंडलेला चेहरा उजळला, डोळे दिसू लागले. त्याच फाइलवर सेव्ह करून मोठी प्रिंट काढली आणि वर शहाणपणही शिकवलं, "काकी, फुटक्या काचेचा फोटो घरात ठेवू नये. विसर्जन करून टाका." त्यांनी दादर चौपाटीला जाऊन तो फ्रेमसकट समुद्रात सोडला.

आठवड्याने नवा फोटो उचलून दुकानात आल्या.

"अरे, कॉलरची शिवण खंय गेली?"

मग कळलं. संपात नवा शर्ट कुठला? कापड विणणाऱ्याचीच कॉलर विरलेली. काकींनी ती उसवली, उलटी केली, विरलेली बाजू आत घालून हाताने परत शिवली. ते वाकडे टाके जुन्या फोटोत पुसट दिसायचे. काका गेल्यापासून काकी रोज सकाळी काचेवरून त्या टाक्यांवर बोट फिरवत.

मी फाइल उघडून पट्टी डावीकडे ओढली. पांढरा शर्ट राखाडी झाला, सगळा एकसारखा. टाका एकही नाही. पट्टी ढकलली की अंधारातलं वर येतं, हे मला ठाऊक होतं. पण जे आधीच उजेडात आहे, त्याला आणखी वर जागाच नसते. कापड, शिवण, सावली, सगळं एकच पांढरं होऊन बसतं. मग कितीही काळोख करा, काही परत येत नाही.

खरं सांगायला हवं होतं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"काकी, मूळ फोटोतच नव्हती शिवण," मी म्हटलं. "असती तर कॉम्प्युटरने दाखवली असती."

त्यांनी फोटो परत उचलला. "असात बाबा. माझाच वय झाला," म्हणाल्या आणि निघाल्या. जिना दहा पावलांवर होता. मागे धावत जाऊन सांगता आलं असतं. मी नाही गेलो. त्याची लाज अजून वाटते, चुकीपेक्षा जास्त.

दिवाळीत त्यांनी फराळाला बोलावलं. पुतण्याची नवी बायको भिंतीवरचा फोटो बघत होती. काकी तिला म्हणाल्या, "माका वाटायचा, ही कॉलर मी उलटवून शिवलेली. पण तसा काय नव्हता. ह्या आमच्या फोटोवाल्यान बघून सांगितल्यान."

आणि माझ्या ताटलीत आणखी एक करंजी घातली. मी ती खाल्ली.