एका वेळी एकच आवाज

सिसिलबाई वर्गात कुठल्याही मुलाला एकट्याला उभं करत नसत. एखादं पोर आपणहून उठलंच, तर त्या शेजारच्यालाही उठवत. आमची शाळा चांदीपच्या बाजूची, सातवीपर्यंतची, आणि बाई होळी नावाच्या ख्रिस्ती वस्तीच्या गावच्या. शहरातल्या शाळेतून निवृत्त होऊन त्या सरकारच्या इंग्रजी सहाय्य योजनेत मानधनावर आमच्याकडे आल्या होत्या. मी तिथं गणित शिकवतो. त्यांचं हे वागणं मला सुरुवातीला फाजील लाड वाटे.

एकदा त्या म्हणाल्या, "सर, लहानपणी मला इंग्रजीच्या तासाला एकटीला उभं केलं. घरच्या बोलीतला शब्द तोंडून गेला नि अख्खा वर्ग हसला. एकट्या पोराला लाज फार जड होते. सगळ्यांत वाटली की जाणवत नाय."

म्हणून त्यांनी आपल्या गावची रीतच वर्गात आणली. त्यांच्याकडे संध्याकाळी क्रुसापुढे रोजरी म्हणतात. अर्धे लोक प्रार्थना सुरू करतात, उरलेले ती पुरी करतात. बाईंनी वर्गाचे दोन भाग केले, खिडकीची बाजू आणि दाराची बाजू. खिडकी विचारी, "व्हेअर आर यू गोइंग?" दार सांगे, "आय ॲम गोइंग टू द फील्ड." दिवाळीपर्यंत मुलं बांधाबांधांवरून एकमेकांना असंच ओरडून विचारू लागली. एरवी आमची मुलं आठवीला हायस्कुलात जात, इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसत आणि काही महिन्यांत शाळा सोडत. यंदाची तरी टिकतील, असं मला मनापासून वाटू लागलं होतं.

योजना वर्षभराची. ती पुढं चालू ठेवायची की नाही, हे पडताळणीवर ठरणार होतं. पडताळणीला आलेल्या मॅडम भल्या होत्या, पण नियम असा की एकेक मूल ऑफिसात बोलवायचं आणि त्याचं बोलणं मोबाईलमध्ये घ्यायचं. पहिली गेली सातवीतली मनीषा, वर्गातली सगळ्यांत चुणचुणीत. मॅडमनी विचारलं, "व्हेअर डू यू लिव्ह?" मनीषा गप्प. तिनं वळून दाराकडं पाहिलं. व्हरांड्यात उभ्या असलेल्या वर्गानं मात्र एका सुरात खणखणीत उत्तर दिलं. मॅडमनी त्यांना मैदानात पाठवायला सांगितलं.

निदान दोघा-दोघांना तरी घ्या, म्हणून बाईंनी हात जोडले. मॅडमनाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

"बाई, यात एका वेळी एकच आवाज घेता येतो," त्या म्हणाल्या.

पुढची मुलंही तशीच आत गेली आणि तशीच बाहेर आली. मनीषा बाईंच्या पदराला धरून रडत होती. "बाई, माज्या बाजूचं कोनीच नव्हतं."

आमच्या शाळेतली योजना बंद झाली. निरोपाच्या दिवशी बाई म्हणाल्या, "मला वाटलं, मी पोरांची लाज घालवली. ती गेली नव्हती सर, गर्दीत लपून बसली होती." मला इतका राग आला होता, पण तो कुणावर काढावा तेच कळेना.

गेल्या थंडीत बाईंच्या गावी, होळीला गेलो, तेव्हा बाई वाडीत अळूला पाणी घालत होत्या. खूप थकल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी मनीषाबद्दल विचारलं. तिनं हायस्कूल सोडल्याचं मी सांगितलं.

"एकटीनंच सोडलं?"

"नाही, बाई. सगळ्या मुलींनी मिळून."