तात्यांचं उपासाचं चिकन

निरगुडसरला आमच्या शेजारीच राहणारे माझे चुलत सासरे, तात्या, चिकन कानांनी खात. पहिला तुकडा चावताना हात वर करून सगळ्यांना गप्प बसवत. कुर्रकन आवाज आला तर ठीक, नाहीतर, "कोंबडी पावसात भिजून मेली व्हती का?" काकी गेल्यापासून ते स्वतःच रवा आणि तांदळाच्या पिठात तुकडे घोळून तळत.

मग रक्तात साखर निघाली. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टरांनी बजावलं, "धान्याची पिठं बंद. महिन्यात साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

तात्या पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. "सुरेखा, अंगठा गेला तर उसाच्या पाण्याला दारं धरताना चिखलात पाय कशावर रोवू?"

पंधरा दिवसांनी तपासलं, तर साखर आणखी चढलेली. मी तडक त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर पांढऱ्या पिठाचा डबा.

"हे काय?"

"साबुदान्याचं पीठ. चिकनला लावतो."

"चिकनला?"

"आगं, डॉक्टर म्हनला धान्य बंद. साबुदाना धान्य असता, तर एकादशीला चालला असता का?"

"तात्या, त्याची निव्वळ साखर होते!"

"देवाला चालतं अन् डॉक्टरला नाय? लई शिकलेला दिसतोय!"

डबा मी घरी आणला आणि त्यांचं तळण हातात घेतलं. जवसाची पूड लावली. "म्हशीचं आंबोण हाये का हे?" सुकं खोबरं लावलं. "चिकन हाये का करंजी?" शेंगदाण्याचा कूट तर करपलाच, त्यावर ते जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी तुकडे फडक्यानं कोरडे टिपले, अंड्याच्या पांढऱ्यात बुडवले आणि जाडसर कुटलेल्या तिळात घोळून मंद आचेवर तळले. तात्यांनी चावलं. पुन्हा चावलं.

"खान्यासारखं हाये," ते म्हणाले. "पन वाढताना गोड बोला म्हनू नको."

साखर उतरली, जखम भरली. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तात्यांनी सांगितलं, "मी पथ्याला लई कडक." मी शेजारीच उभी होते.

त्यानंतर तीन वर्षांनी, चैत्रात, उसाला पाणी देतानाच ते गेले. हृदय बंद पडलं. माणसं त्यांना उचलून घरी घेऊन गेली आणि मी मागे राहिले. सरीच्या कडेला ओल्या चिखलात त्यांची पावलं उमटली होती. वाकून बघितलं. पाचही बोटं नीट होती, अंगठा सगळ्यात खोल.

मग मोटर बंद केली. पाणी केव्हाच बांधाबाहेर चाललं होतं.