स्टिअरिंगमधले दोन आवाज

वळण घेतलं की आमच्या गाडीच्या स्टिअरिंगमधून आवाज यायला लागला. "टकटक होतंय," माझा नवरा सुधीर म्हणाला. मी म्हटलं, "टकटक कुठली? कुणीतरी कण्हतंय असं वाटतं." यावरून आठवडाभर वाद चालला. घाट उतरून माझ्या आजारी आईला आणायला जायचं होतं, आणि आमचं साध्या आवाजावर एकमत होईना.

शेवटी गॅरेजमधल्या मिस्त्रींनी गाडी फिरवून आणली आणि खाली वाकून चाक हलवून पाहिलं. "वहिनी, पॉवर स्टिअरिंगचं तेल गळतंय, त्यानं ते कण्हतंय. आणि दादा, चाकाजवळचा सांधा सैल झालाय, तो वाजतोय. अशा गाडीनं घाटात गेला नाहीत ते बरं झालं."

म्हणजे दोघांचंही खरं होतं. तरी मला बरं वाटलं नाही, उलट गोंधळच वाढला. शेजारी शेजारी बसून आम्ही वेगवेगळं कसं ऐकलं? आजवरची आमची किती भांडणं अशीच असतील, दोघांचंही खरं असलेली?

दुरुस्तीनंतर घरी येताना गाडी अगदी गप्प होती. सुधीरनं विचारलं, "तुझा आवाज मला का गं ऐकू येत नव्हता?"

त्याचा तरी मला कुठे येत होता?