मण्यार की कवड्या

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना 'माहीत नाही' हे दोन शब्द उच्चारताच येत नाहीत, याबद्दल अख्ख्या कॉलेजात दुमत नव्हतं. कुजलेली काडी पुढे केली तरी ते तिचं नाव, कूळ आणि स्वभाव एका दमात सांगत. अगदीच ओळख पटेना, तर पान सरळ जिभेवर ठेवत. एकदा तोंड वेडंवाकडं करून म्हणाले, "कडू आहे, पण प्रामाणिक कडू आहे!" आणि आम्ही तेही वहीत उतरवून घेतलं. ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठ नवं होतं, आणि रानात जाऊन शिकण्याचा भाग अभ्यासक्रमात त्या वर्षी पहिल्यांदाच आला होता. बाकीचे प्राध्यापक वैतागले. सर मात्र घरात कार्य निघाल्यासारखे हरखले. निघोजे गावाच्या अलीकडे सरकारने राखलेलं एक रान होतं. एस.टी.ने मोशीला उतरायचं आणि इंद्रायणी ओलांडून चालत जायचं. सरांच्या खांद्याला रोपं ठेवायचा पत्र्याचा भलामोठा डबा असे. तो पाहून मोशीच्या बायका विचारत, "तूप कसं दिलं, मास्तर?" सर थांबत, झाकण उघडून आतले नेचे दाखवत आणि त्यांची माहिती सांगू लागत. बायका पदर तोंडाला लावून ऐकून घेत. रानाच्या तोंडाशी ते आम्हाला पायताणं झटकायला लावत. "बाहेरचं बी आत नको. आपण पाहुणे आहोत."

त्या शनिवारी आम्ही दोरीचे चौकोन आखून त्यांतली रोपं ओळखत बसलो होतो. सोलापूरकडचा वसंत हा आमच्यातला सर्वांत आनंदी नापास विद्यार्थी. नेचा उपटायला त्याने दगडाच्या कपारीत हात घातला आणि झटक्यात मागे ओढला. करंगळीशेजारी रक्ताचे दोन ठिपके होते. काळपट अंगावर पांढरे पट्टे असलेलं काहीतरी पाचोळ्यात सरसरत नाहीसं झालं.

"दुखतंय का रे?" मी विचारलं.

"नाही गं. मुंगी चावल्यासारखं वाटतंय."

रानाचे राखणदार बबनराव धावत आले आणि हे ऐकून मटकन खालीच बसले. "मण्यार हाय ती! मण्यार चावली की दुखत न्हाई, हीच तर तिची खोड."

वसंताचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्याने बबनरावांकडे नाही, सरांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. "सर, मण्यार का? की तो बिनविषारी... कवड्या?"

सरांचे ओठ हलले. मग ते अगदी हळू म्हणाले, "मला माहीत नाही, वसंता."

साप चावल्याचं भय मला तोवर नीट कळलंच नव्हतं. ते आत्ता कळलं.

"देवळात नेऊ, मास्तर. आमचा भगत उतरवतो इख," बबनराव म्हणाले.

"आधी दवाखाना. तुमची बैलगाडी जुंपा, बबनराव, पाया पडतो तुमच्या." सरांनी खरंच हात जोडले.

बैलगाडीने नाशिक रस्ता गाठल्यावर चाकणहून येणारा कांद्याचा ट्रक सरांनी अक्षरशः आडवं उभं राहून थांबवला. ड्रायव्हर अब्दुलभाई शिवी देतच उतरले, वसंताला बघून गप्प झाले. "मास्तर, पोराला पुढं घ्या. ताई, तू त्याचं डोकं धर. बाकीचे चढा कांद्यावर."

मण्यारीच्या विषाने पापण्या जड होतात, जीभ अडखळते, एवढं सरांना ऐकून ठाऊक होतं. म्हणून ते वसंताला झोपू देईनात. "सांग, तुळशीचं कूळ कोणतं?"

"वडाचं, सर."

"आणि कण्हेरीचं?"

"तेही... वडाचंच असेल."

उत्तर विषामुळे चुकतंय की अभ्यासामुळे, हे कळायला काही मार्ग नव्हता. अब्दुलभाईंनी हॉर्नवरचा हात काढला नाही. सरांचं बोट वसंताच्या नाडीवर होतं. भोसरीपाशी वसंताने डोळे मिटले.

"वसंता!" सर ओरडले.

"जागा आहे, सर. उत्तर आठवतोय."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला समोर ठेवून घेतलं. पापण्या बघत, बोलतं करत, दिवस कलला. शेवटी ते बाहेर येऊन म्हणाले, "कवड्याच असावा. धोका टळला."

सर अंगणात गेले. मी मागोमाग गेले, तर एका झाडाच्या बुंध्याला दोन्ही हात टेकून ते रडत होते. मी विचारलं, "हे कसलं झाड, सर?"

"झाड आहे, ताई," ते म्हणाले. "आत्ता तेवढंच पुरे."

प्राचार्यांनी रानातले वर्ग बंद केले. सर वर्षभर त्यांच्या दाराशी खेटे घालत राहिले. परवानगी मिळाली तेव्हा आमची परीक्षा होऊन गेली होती, आणि माझं लग्न ठरलं होतं.

पुढे एकदा चाकणला सासरी जाताना, इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर एस.टी.च्या खिडकीतून मला नवी मुलं रांगेने शेताच्या बांधावरून जाताना दिसली. सगळ्यांच्या पुढे सर होते, वाकून प्रत्येक दगडाभोवती काठी आपटत चाललेले. मुलं मागे खोळंबली होती, हसत होती. मी खिडकीबाहेर हात काढून हलवला, हाकही मारली. पण त्यांची नजर जमिनीवरून हलली नाही, आणि गाडी पुढे निघून गेली.