माझं तेल आणि सासऱ्यांचा पाय

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे मी एवढ्या तोऱ्यात बोलणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, बाईचंच खरं असणार. मी ठाण्याच्या कोर्टात कारकून आहे. वीस वर्षं दुसऱ्यांचे निकाल टाइप करून करून मला घरी निकाल द्यायची खोड लागलीय, आणि आमच्या घरात अपील चालत नाही.

घर कल्याणला, तिसऱ्या मजल्यावर. मी, नवरा आणि सासरे. सासरे, म्हणजे आमचे बाबा, शाळेत पीटीचे मास्तर होते. वय शहात्तर. अजूनही चहा हवा असला तरी "चहा टाक" असं मैदानावरून ओरडल्यासारखं सांगतात. खाली त्यांची सतरा वर्षं जुनी छोटी गाडी उभी असते. तिचा नियम एकच, बॉनेट फक्त बाबांनी उघडायचं. मुलाने नाही आणि सुनेने तर नाहीच नाही.

रविवारी बाजाराला मात्र गाडी मी नेते. दसऱ्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कुई कुई वाजायला लागला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "वाजू दे. पाय कुठे आहे ते तरी कळतं." आता यावर काय बोलायचं माणसाने? एका दुपारी ते झोपलेले असताना मी गुपचूप खाली गेले, बॉनेट उघडलं, पेडलपासून इंजिनापर्यंत जाणारी वायर शोधली आणि ती ज्या नळीतून जाते त्या नळीच्या तोंडात खोबरेल तेल सोडलं. माझं माहेर कोकणातलं. तिथे दाराची बिजागरी, शिलाई मशीन, बॅगेची चेन, दुखरा कान, सगळ्यांना औषध एकच. चांगली अर्धी बाटली ओतली. ऑक्टोबरच्या उकाड्यात तेल पाण्यासारखं आत गेलं. कुई कुई बंद! कोणाला बोलले नाही, पण आठवडाभर स्वतःवर जाम खूश होते मी.

बाबा रोज सकाळी साडेसहाला गाडी घेऊन शहाडला नदीकडे फिरायला जातात. बरोबर पहिल्या मजल्यावरचे त्यांचे मित्र असतात. डिसेंबरात थंडी पडली आणि एका सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला. गॅलरीतून बघते तर गाडी गेटबाहेर चाललेली, बंपरच्या पुढे वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची घसरत चाललेली, आणि मागून वॉचमन धावतोय, "काका, कुर्सी! काका, मेरी कुर्सी!" गाडी काही फार वेगात नव्हती. वॉचमन धावता धावता एकदा तिच्या पुढे गेला, मग घाबरून पुन्हा मागे आला. शेवटी बाबांनी ब्रेक दाबून चावी बंद केली तेव्हा गाडी रिक्षा स्टँडला थांबली. मित्र मागच्या सीटवर रामरक्षा म्हणत होते, आणि तीही चुकीची.

"पेडल खाली गेलं की वर येत नाही," बाबा म्हणाले. "मी पाय काढला, तरी ते खालीच."

नवऱ्याने पायाखालची चटई काढून बघितली. तिचा काही संबंध नव्हता. दुपारी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने भर उन्हात दहा वेळा पेडल दाबलं, दहाही वेळा ते टपकन वर आलं. "काका, गाडी एकदम मक्खन आहे," तो म्हणाला. "पाय जरा हलका ठेवा." दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणात गाडी घातली. रविवारी दुपारी बाराला मी चालवली तर काहीच नाही! पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. सकाळी बाबांकडे अडकायचं, दुपारी माझ्याकडे सुरळीत. मग मी जेवताना निकाल देऊन टाकला.

"बाबा, पेडल वर येतंय. तुमचा पाय वर येत नाहीये."

नवऱ्याने आमटीत डोकं घातलं. बाबांनी घास खाली ठेवला. "टेस्ट घे माझी," म्हणाले.

आणि घेतली की हो मी! आमच्या स्वयंपाकघरात पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा आहे. बाबा त्याच्यासमोर ताठ उभे राहिले, नवरा घड्याळ धरून, मी शिट्टी नाही म्हणून टाळ्या वाजवत. चाळीस वेळा दाबायचं ठरलं. सदतिसाव्याला झाकण उडालं ते थेट गॅसवरच्या दुधात.

"बघ!" बाबा म्हणाले. "पाय कसा आहे?"

"डबा मोडलात," मी म्हटलं. "म्हणजे ताबा नाही. सिद्ध झालं."

आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी पेडल परत अडकलं आणि गाडी भिंतीला घासली. बाबा वर आले, चावी फ्रिजवर ठेवली आणि म्हणाले, "तुझंच बरोबर असेल." सासऱ्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी पंचवीस वर्षं वाट बघितली होती. ऐकलं आणि मला अजिबात मजा आली नाही. पण म्हटलं, जाऊ दे, सवय नाही म्हणून असेल.

जानेवारी संपता संपता नवऱ्याने गाडीसाठी शीळफाट्याचं एक गिऱ्हाईक बघितलं. रविवारी सकाळी नऊला तो माणूस गाडी बघायला येणार होता. मी सातलाच खाली गेले. धुवायला गाडी नळाजवळ घ्यायची होती. दात वाजत होते एवढी थंडी. गाडी सुरू केली, पेडल दाबलं, पाय काढला. इंजिन भॉंऽऽ करून ओरडत राहिलं. अगं बाई! पाय हवेत, पेडल खाली. मी किंचाळले, ब्रेकवर दोन्ही पाय दिले, चावी फिरवली.

बॉनेट उघडलं. नळीच्या तोंडाशी पांढरा, घट्ट गोळा. बोट लावलं आणि वास घेतला. थंडीत रोज सकाळी तेलाची बाटली गॅसजवळ धरून मीच वितळवते, आणि हे मला दीड महिन्यात सुचलं नाही! सकाळी तेल थिजून वायर धरून ठेवत होतं आणि दुपारपर्यंत आपसूक वितळत होतं. पाय बिचारा जागच्या जागी होता.

खरं सांगते, पहिला विचार असा आला की गप्प बसावं. मेकॅनिककडून गुपचूप नवी वायर टाकून घेतली की झालं, कोणाला कळतंय? (नंतर टाकलीच. अर्ध्या तासाचं काम.) हाच विचार करत वर आले.

बाबा पलंगावर बसून मोजे घालत होते; गाडी सोडल्यापासून ते फिरायला उशिरा आणि चालतच निघायचे. त्यांनी उजवा पाय दोन्ही हातांनी धरून उचलला आणि जपून स्टुलावर ठेवला. एकदा दाबून बघितला. मग मोजा घातला.

माझ्याच्याने राहवेना. भडाभडा सगळं सांगून टाकलं. बॉनेट, बाटली, थंडी, सगळं. आता बॉनेटवरून घर डोक्यावर घेणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

"म्हणजे पाय चांगला आहे माझा?" बाबांनी विचारलं.

"चांगला आहे, बाबा."

"नक्की?"

"आत्ता माझ्या पायाखाली अडकलं. माझ्या!"

त्यांनी मोजा घातलेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाले, "अगं, दीड महिना मी रस्ता एकट्याने ओलांडला नाही. मित्राचा हात धरतो. त्याला सांगितलंय, डोळ्यांना कमी दिसतं म्हणून."

तेवढ्यात बेल वाजली. शीळफाट्याचा माणूस दीड तास आधीच आला होता. मी दार उघडून सांगितलं, गाडी विकायची नाही. त्याने संशयाने विचारलं, "का हो, काही फॉल्ट निघाला का?" मी तिथेच दारात भोकाड पसरलं. तो बिचारा "राहू दे ताई, राहू दे" म्हणत उलट्या पावली जिना उतरला.

डोळे पुसत आत आले तर बाबा खोलीच्या मधोमध उजव्या पायावर उभे होते. डावा पाय वर, दोन्ही हात आडवे पसरलेले, नजर घड्याळावर. मी काही बोलणार तोच ओरडले, "बोलू नकोस! मोजतोय!"

गालांवरून पाणी ओघळत होतं त्यांच्या. पाय मात्र जराही हलत नव्हता.