फक्त चाखण्यापुरतं

माझी थोरली बहीण लाम्दुआन कच्चा मासा खात नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. ती स्वतःही तसंच सांगायची. पुरुष धरणातली बारीक मासळी पकडून आणत. लाम्दुआन ती कुटून तिच्यात लिंबू, तिखट, भाजलेल्या तांदळाची पूड, पुदिना आणि लाल मुंग्या घालून कोय नावाचा कच्चा पदार्थ करी. कापणी उरकली किंवा कुणाचं घर उभं राहिलं की चटईवर पुरुषांचा गोल बसे, मध्ये कोयची परात आणि बाजूला तांदळाची दारू. बायका आपला वाटा कढईत परतून घेत. लाम्दुआनही परतलेलाच खाई.

"कच्चं तुम्हीच खा," ती नवऱ्याला म्हणे. "मला वासानंच मळमळतं."

पण आंबट किती झालं, मीठ पुरलं का, हे कळायला ती बोटावर थोडं घेऊन जिभेला लावी. लिंबू पिळलं की एकदा, मीठ टाकलं की पुन्हा. त्याला खाणं म्हणतात असं ना तिला वाटलं, ना आम्हाला.

आरोग्य केंद्राची माणसं दरवर्षी गावात येत. या माशातून जंत पोटात जातात, यकृताच्या नळीत राहतात आणि पुष्कळ वर्षांनी तिथे गाठ धरते, असं चित्रं दाखवून सांगत. कच्चं खाणाऱ्यांची ते सोनोग्राफी करत. खाणारे पुरुष त्या दिवशी धरणावर निघून जात. माझे दाजी सीथोन त्यात सर्वांत पुढे. "जंताची गोळी घेतलीय मी," ते म्हणत, "आता वर्षभर खायला मोकळा." लाम्दुआन मात्र पाहुण्यांना पाणी द्यायला हजर असे. परिचारिका विचारी, "मावशी, कच्चा मासा खाता?" ती नाही म्हणे. खोटं बोलायचा तिचा स्वभावच नव्हता. परिचारिका तिला घरी जायला सांगे.

गेल्या थंडीत तिच्या अंगाला खाज सुटली. तळपाय, पोटऱ्या, पाठ. रक्त येईपर्यंत ती खाजवत बसे. मग डोळे पिवळे झाले. दाजींनी काविळीचा पाला आणून दिला. एकदा कपडे बदलताना तिच्या हाताला उजव्या बरगडीखाली काहीतरी लागलं, गुळगुळीत, अंड्याएवढं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. सकाळी माझ्याकडे आली, अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "उथाई, गाडी काढतोस? तुझ्या दाजींना सांगू नकोस, ते ओरडतील."

मी दाजींना सांगितलंच. ते ओरडले नाहीत. चप्पल शोधायला लागले, ती पायातच होती.

खोन केन शहरातल्या सरकारी इस्पितळात डॉक्टर पिम नावाच्या शल्यचिकित्सक बाई होत्या. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. तपासून त्यांनी सांगितलं, हाताला लागलं ते पित्त तुंबून फुगलेलं पित्ताशय होतं. खरी गाठ त्याच्या खाली, पित्तनळीच्या टोकाशी, जिथे ती स्वादुपिंडातून जाते तिथे.

"कच्चा मासा खाता का, मावशी?"

"नाही."

"कधीच नाही?"

"करते मी. सगळ्यांसाठी करते. पण खात नाही, फक्त चाखते."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

दाजींना हसू येत होतं ते मध्येच थांबलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. लाम्दुआन एकदा डॉक्टरांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिचा हात नकळत तोंडाकडे गेला होता.

शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि नळीचं टोक काढायचं आणि उरलेलं पुन्हा जोडायचं, असं डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावलं. काम दिवसभराचं. पण मागच्या मोठ्या रक्तवाहिनीला गाठ चिकटली असेल तर काही काढता येणार नाही, ते पोट उघडल्यावरच नक्की कळेल.

"आणि चिकटलेली निघाली तर?" लाम्दुआनने विचारलं.

"तर पित्ताला वाट करून देऊ आणि पोट बंद करू."

"म्हणजे मला लवकर बाहेर आणाल."

"हो."

गावात ही बातमी गेल्यावर बायका घरी येऊन बसल्या. आमच्याकडे पक्की समजूत आहे की पोट उघडलं की आतल्या रोगाला वारा लागतो आणि तो पसरतो. शेजारची थोंगबाय म्हणाली, "अगं, खाम्फोनचं काय झालं आठव. उघडलं आणि चार महिन्यांत गेला."

"त्याला उघडलं आणि तसंच शिवलं," लाम्दुआन म्हणाली. "तो उघडून नाही मेला, बंद करून मेला."

"तुझी जीभ काही सरळ होणार नाही."

"तिच्यामुळेच तर हे सगळं झालंय."

बायका हसल्या. लाम्दुआन चुलीकडे तोंड करून बसली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तिला सकाळीच आत नेलं. बाहेर लांब बाकडी होती आणि समोर दार. नातेवाइकांचं नाव पुकारलं की त्या दारापाशी जायचं. दाजी दाराकडे तोंड करून बसले. मी चिकट भात आणि भाजलेली कोंबडी आणली, त्यांनी हात लावला नाही.

एरवी इस्पितळात माणसं आपलं नाव लवकर यावं म्हणून बसतात. आम्ही ते येऊ नये म्हणून बसलो होतो. दार उघडलं की दाजी माझं मनगट धरत. दुसऱ्या कुणाचं नाव आलं की सोडत.

शेजारी नदीपलीकडच्या गावचं एक कुटुंब होतं. त्यांच्या वडिलांना आमच्या नंतर आत नेलं होतं, त्याच आजारासाठी. मुलगा बोलका होता, चौकश्या करत होता, दाजींना हातपंखा देत होता. त्यांचं नाव सकाळ सरायच्या आत पुकारलं गेलं. तो आनंदाने उठला. "झालंसुद्धा," तो म्हणाला. त्याला कुणी काही सांगितलेलं नसावं. मी खाली बघितलं. दारापाशी दुसरे एक डॉक्टर त्याच्याशी बोलले, तो मान हलवत राहिला. परत येऊन त्याने आपली पिशवी घेतली आणि पंखा आमच्याकडेच राहू दिला.

दाजींना घाम फुटला होता. "उथाई, आता आपलं येणार," ते म्हणाले.

"नाही येत, दाजी."

"तुला काय ठाऊक? तू काय आत बसलायस?"

दुपार झाली. मग उन्हं बाकड्यावरून सरकून भिंतीवर गेली. नाव आलं नाही. दाजींनी भाताचा एक गोळा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. जितका उशीर होईल तितकं बरं, हे मनाशी म्हणताना दुसरी भीती उभी राहत होती: इतका वेळ, म्हणजे आत रक्त तर थांबत नाही ना? आता उशीरही नको वाटायला लागला आणि लवकरही.

आमचं नाव आलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. डॉक्टर पिम दाराशी उभ्या होत्या, चेहऱ्यावर मास्कचे वळ. आमच्याकडे काढलेला भाग नातेवाइकांना दाखवतात. स्टीलच्या तसराळ्यात तो होता, ओल्या कापडावर. गाठ निघाली होती, रक्तवाहिनी मोकळी होती. बाईंनी चिमट्याने कापलेली नळी किंचित दाबली. तिच्यातून एक चपटं, पानासारखं काहीतरी बाहेर सरकलं. ते हललं.

दाजी दोन पावलं मागे गेले. ते भिंतीला टेकले आणि दोन्ही तळवे पोटावर ठेवून उभे राहिले.

"ती फक्त चाखायची, डॉक्टर," ते म्हणाले. "परात तर मी संपवायचो."

डॉक्टरांनी तसराळं परिचारिकेकडे दिलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी उपाशी या. तुम्हीही," हे मला.

लाम्दुआन शुद्धीवर आली तेव्हा तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. दाजींनी खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर अंधार होता. तिने तो पाहिला आणि डोळे मिटले. पापण्यांतून पाणी ओघळलं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. जोडलेल्या जागेतून स्वादुपिंडाचा रस गळतो का, हे कळावं म्हणून पोटातून बाहेर पिशवीत नळ्या सोडल्या होत्या. परिचारिका पिशवी उचलून बघे तेव्हा आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. ताप आला, उतरला, पुन्हा आला. शेवटी नळ्या निघाल्या. आता तिला प्रत्येक जेवणाबरोबर पचनाच्या गोळ्या लागतात आणि इन्सुलिन टोचावं लागतं. गाठ परत येणार नाही असं डॉक्टरांनी एकदाही म्हटलेलं नाही.

माझी सोनोग्राफी ठीक निघाली. दाजींच्या पित्तनळ्यांच्या भिंती जाड झाल्या आहेत. गाठ नाही, पण दर सहा महिन्यांनी यावं लागेल. ते ऐकून दाजी लाम्दुआनच्या खाटेशी आले आणि तिच्या पायाशी बसले.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"अजून काही नाही, म्हणाले."

"अजून," ती म्हणाली आणि सरकून त्यांना जागा करून दिली.