पोपट मास्तर आणि रस्त्याला भिणारी कांडी

सुरतेच्या लिंबायतमध्ये पोपट मास्तरांना नुसतं पोपट म्हणायची छाती कुणाची नव्हती. होती ती एकट्या सरलाबाईंची. पण त्या पडल्या बायको, नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, म्हणून मास्तरांची अब्रू शाबूत होती.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. शाळेशी त्यांचं चौथीतच फाटलं. ते लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे मास्तर. पारोळ्याच्या बाजूचं एक कोरडं खेडं सोडून अठराव्या वर्षी सुरतेला आले आणि चोवीस लूमच्या खात्यात लागले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी त्या चोवीस लूमचा आवाज ऐकला. तेविसावा लूम आजारी आहे की सतरावा, हे ते डोळे मिटून सांगत. वैद्य नाडी बघतो तसं. पण त्या आवाजाने कामाचा मोबदला म्हणून त्यांचे कान नेले. आता शेजारी लग्नाचा बाजा वाजला तर मास्तर विचारत, "कोण आलं दारात?"

तरी त्यांना फसवणं सोपं नव्हतं. खात्यात एकाचा शब्द दुसऱ्याला ऐकू जात नाही. कारागीर एकमेकांचे ओठ वाचतात. मास्तर ओठ असे वाचत, जसं जाणता शेतकरी आभाळ वाचतो. त्यांच्या पाठीमागे खुशाल ओरडून शिव्या द्याव्यात, पण समोर कुजबुजू नये.

काम सुटलं तरी मास्तरांनी खात्याच्या वरची खोली सोडली नाही. खाली लूम चालत आणि वर फरशी थरथरे, भांडी थरथरत, चहाच्या बशीत बारीक लाटा उठत. अशात गेल्या थंडीत एका कुत्रीने खात्याच्या कोपऱ्यात, बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या कांड्या ठेवायच्या खोक्यात चार पिल्लं घातली. ती आई एक दिवस गेली ती परतलीच नाही. तीन पिल्लं कारागिरांनी नेली. चौथी राहिली, कारण ती मादी होती.

"पोरीचं कपाळ इथून तिथून एकच," सरलाबाई म्हणाल्या, आणि वाटीत दूध ओतलं.

कांड्यांच्या खोक्यात जन्मली म्हणून तिचं नाव कांडी.

ऐकू येईनासं झाल्यापासून मास्तरांशी कुणी बोलत नसे. मुलगा बमरोलीला वेगळा राहतो, आणि फोनवर ओठ दिसत नाहीत. घरी येणारा-जाणारा सरलाबाईंशी बोले आणि जाताना मास्तरांकडे बघून मान लववी, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीला लववावी तशी. कांडीला हा रिवाज माहीत नव्हता. ती सकाळी उठून त्यांचा पायजमा दातांत धरून ओढी आणि सारा दिवस त्यांच्याशी बोलत राही, आणि त्यासाठी तिला तोंड उघडावं लागत नसे. दोन महिन्यांत मास्तरांचा चेहरा असा उजळला, की सरलाबाईंना आधी संशय आला आणि मग थोडा रागच आला.

पण या सुखाच्या आड गल्लीचा एक प्रमुख होता. भगवान प्रमुख. त्यांना कुणी निवडून दिलं हे कुणालाच आठवत नव्हतं. मात्र फलकावर तसं छापलं होतं आणि छापलेलं खोटं कसं म्हणावं? गल्लीत नवे पेव्हर ब्लॉक बसले, तसा टोकाला त्यांच्या वाढदिवसाचा फलक लागला. त्यावर काळा चष्मा घातलेले, हात जोडलेले भगवान प्रमुख, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्या बेचाळीस जणांचे फोटो. कांडी रोज सकाळी त्या फलकाच्या पायाशी बसे. नेमाने. लोक फुलं वाहतात, तिच्याकडे जे होतं ते ती वाही.

पाचव्या दिवशी भगवान प्रमुख जिना चढून आले. सोबत चिंधा रिक्षावाला होता. चिंधा मास्तरांच्याच गावचा, आणि प्रमुखांच्याही मर्जीतला. दोन पायांत दोघांचे जोडे घालून चालणारा माणूस.

"मास्तर, आठ दिवस देतो," प्रमुख म्हणाले. "रोज या कुत्र्याला रस्त्यापलीकडच्या मैदानात न्यायचं. आठ दिवसांनी गल्लीत घाण दिसली, तर हा चिंधा रिक्षात घालून भेस्तानच्याही पलीकडे सोडून येईल."

मास्तरांनी चिंधाकडे बघितलं. चिंधाने मान खाली घातली, म्हणजे ओठ दिसायला नकोत.

मैदान काही लांब नव्हतं. पण मधे रस्ता होता, आणि तो लिंबायतचा रस्ता होता. साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो, तिघातिघांच्या दुचाक्या, आणि ब्रेकच्या जागीही हॉर्नच बसवलाय अशा रिक्षा. त्या रस्त्याच्या तोंडाशी आली की कांडी पोट जमिनीला टेकून, शेपूट पायात घालून अशी चिकटायची, की तीही एक पेव्हर ब्लॉक वाटावी.

पहिल्या दिवशी मास्तरांनी तिला उचलून नेलं.

"सोतानी पोरं कधी कडेवर घेतलीत नहीत," सरलाबाई जिन्यातून म्हणाल्या. "आते कुत्रीनी हौस!"

मैदानात कांडी त्यांच्या हातांत थरथरत राहिली. खाली ठेवलं तर तिने काहीच केलं नाही. परत आणली, तर गल्लीत पाय टेकताच फलकाकडे धावली. उचलून नेण्यात अर्थ नव्हता. तिने आपल्या पायांनी जायला हवं होतं.

मग मास्तरांनी आपली जुनी विद्या काढली. खेड्यातून आलेल्या नव्या कारागिराला ते कधी एकदम लूमपाशी नेत नसत. पहिला दिवस दाराबाहेर. दुसरा उंबऱ्यावर, चहा पीत. मग एका लूमजवळ, मग चार. घाई केलेला पोरगा महिन्यात गावी पळतो, हे त्यांनी शंभर वेळा बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कांडीला रस्त्यापासून तीस पावलांवर बसवलं आणि दुधात भिजवलेले भाकरीचे तुकडे दिले. तिसऱ्या दिवशी वीस पावलांवर. चौथ्या दिवशी ताराच्या भाजीच्या गाडीपर्यंत. मास्तरांना तर रस्ता मुका होता. किती गोंगाट आहे हे कळायला ते कांडीच्या बरगड्यांवर हात ठेवत. हाताखाली काळीज धडधडलं की मास्तरांना टेम्पो ऐकू येई.

गल्लीच्या तोंडापर्यंत ती आली. पुढे मात्र एक पाऊल नाही.

तोवर लिंबायतमधल्या सगळ्यांना कुत्र्यांची विद्या आली होती. ज्याच्या घरात कधी मांजर टिकलं नाही, तोही थांबून सल्ला देई. ताराने कांडीच्या गळ्यात काळा दोरा बांधला. कुणी म्हणालं, हिला नाव बदला. चिंधाचा सल्ला सगळ्यांत जोरदार.

"आप्पा, भीतीले भीतीच मारस," तो म्हणाला, आणि कांडीला रिक्षात बसवून, हॉर्न दाबून धरून, उधन्यापर्यंत एक चक्कर मारून आणली. परतल्यावर भीती जिवंत होती. सीटवर मात्र दूधभाकर होती. चिंधा दुपारभर सीट धूत बसला.

सहाव्या दिवशी दुपारी वीज गेली.

मास्तरांना ते तळपायांनी कळलं. फरशी थांबली. बशीतल्या लाटा विरल्या. चोवीस लूम एकदम गप्प झाले. खाटेखाली गाढ झोपलेली कांडी दचकून उठली. पोट जमिनीला, शेपूट पायात. रस्त्याच्या तोंडाशी व्हायची तशीच.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू, विहिरीतून भरलेली बादली वर यावी तशी, गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ही पोर आवाजाला भीत नव्हती. चोवीस लूमच्या पोटात जन्मलेली ती, आवाज तर तिचा पाळणा होता. ती भीत होती तो पाळणा थांबण्याला. रस्त्यावर आवाज होता, पण त्याला ठेका नव्हता. कुणीही कुठेही हॉर्न मारावा, असा तो बेवारस आवाज. मास्तरांना आठवलं, भाचीच्या लग्नाला गावी गेले होते तेव्हा तीन दिवस त्यांनाही झोप लागली नव्हती. कान चालत नव्हते तरी. पाठीला लूम लागत नव्हता.

ते खाली बसले आणि तोंडाने सुरू झाले, "खटक-पटक, खटक-पटक, खटक-पटक."

कांडीचे कान उभे राहिले. शेपूट बाहेर आली. ती त्यांच्या मागोमाग खोलीभर चालू लागली, निघालेल्या वरातीसारखी.

सरलाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून धावत आल्या. "अहो, काय व्हयनं तुम्हले?"

विद्या सापडली, पण ती वापरणार कशी? खोलीत ठीक होतं. भर बाजारात, ज्या मास्तरांनी चाळीस वर्षांत रस्त्यावर उभं राहून कधी वडा खाल्ला नाही, ज्यांच्या नुसत्या बोटाने चाळीस कारागीर हलत, त्यांनी खटक-पटक करत कुत्रीमागे फिरायचं? आणि हळू आवाजात करावं तर आपला आवाज हळू आहे की मोठा, हे बहिऱ्याला कोण सांगणार? सातव्या दिवशी मास्तर घरातून निघालेच नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सरलाबाईंनी खाट फिरवली. म्हणजे अक्षरशः फिरवली, मास्तरांसकट. मग ओठ नीट दिसावेत म्हणून समोर बसून एकेक शब्द सुटा बोलल्या.

"एवढी अब्रू अब्रू करतस. ती अब्रू सकायले तुमना पायजमा वढस का?"

मास्तर उठले आणि खुंटीवरचा सदरा इस्त्रीला देऊन आले. 

आठव्या सकाळी मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी नीट बसवली, दोरी हातात घेतली. गल्लीच्या तोंडाशी भगवान प्रमुख आधीच उभे होते, चिंधाची रिक्षा तयार ठेवून. मास्तरांनी त्यांना राम राम केला, रस्त्याकडे बघितलं, आणि छातीत हवा भरून सुरू केलं.

"खटक-पटक! खटक-पटक!"

कबुतरं उडाली. ताराच्या हातातला तराजू थांबला. बहिऱ्या माणसाचा तो आवाज, चोवीस लूमच्या वरून पोचवायची सवय असलेला. कांडी उठली आणि चालू लागली. आणि जो रस्ता दवाखान्याच्या गाडीला जागा देत नाही, वरातीला देत नाही, तो रस्ता थांबला. शहाण्याला कोण विचारतो? वेडा दिसला तर सगळेच ब्रेक मारतात. फोन निघाले. मास्तर ओठ वाचत होते. "काका गांडा थई गया," म्हणजे काका वेडे झाले. "अरे, यह तो मास्टर है!" वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे वाचत होते. ते चालत राहिले.

निम्म्या रस्त्यात, दुभाजकापाशी, त्यांचं तोंड कोरडं पडलं. आवाज फाटला आणि विझला. कांडी तिथेच बसली. समोर टेम्पो, मागे रिक्षा, आणि सगळे हॉर्न पुन्हा जागे झाले. तिच्या बरगड्यांना हात न लावताही मास्तरांना ते कळले.

नुकतीच रात्रपाळी सुटली होती. खात्यातले कारागीर, अंगावर धाग्यांची तुसं घेऊन, बघायला थांबले होते. त्यातल्या एकाला राहवलं नाही. मास्तरांची नक्कल करत तो ओरडला, "खटक-पटक!" दुसऱ्याने टाळी धरली. मग तिसऱ्याने. हसून हसून वाकलेली तीस-चाळीस माणसं खटक-पटक करू लागली. चिंधानेही प्रमुखांची नजर चुकवून रिक्षाच्या पत्र्यावर हाताने ठेका धरला.

कांडी उठली.

पण टवाळीला दम नसतो. हसण्याच्या भरात ठेका पळू लागला, आणि पिल्लाचे पाय अडखळले. मास्तरांना ते ओठांवरून दिसलं. त्यांनी बोट वर केलं, खात्यात करत तसंच.

"हसा!" ते गरजले. "हसायचं तेवढं हसा. पण ठेका पळवू नका!"

आणि काय सांगावं, चाळीस माणसांचा ठेका जागेवर आला. जुन्या सवयीने. दोघा-चौघांनी तर हसणंही थांबवलं.

मैदानात सगळे आले. प्रमुखही चिंधाच्या रिक्षातून आले, कारण निकाल त्यांना द्यायचा होता. एवढी माणसं फलक लावून बोलावली तरी त्यांच्या वाढदिवसाला जमली नव्हती. कांडीने गवत हुंगलं. एक गोल चक्कर मारली. दुसरी मारली. कुणी खोकलं नाही. मग ती बसली, आणि निवांतपणे, कुणाकडेही न बघता, तिने आपलं काम केलं.

"राहू द्या कुत्रं," प्रमुख म्हणाले. मास्तरांनी मान हलवली. आभार मानल्यासारखी नाही, कारागिराची हजेरी मांडल्यासारखी.

कारागीर झोपायला घरोघर गेले. चिंधाला गिऱ्हाईक मिळालं, तो रिक्षा घेऊन गेला. परतीचा रस्ता मात्र तेवढाच रुंद होता, आणि आता गर्दीही वाढली होती. मास्तरांनी पाणपोईवर दोन घोट पाणी घेतलं, ओठ ओले केले, दोरी सैल धरली आणि सुरू केलं. टेम्पो थांबला. कांडी निघाली. आणि पुष्कळ वर्षांत हा रस्ता पायी न ओलांडलेले भगवान प्रमुख, इकडेतिकडे बघून, गुपचूप त्या दोघांच्या मागोमाग चालू लागले.